डावीकडून तिसरा

उमा : नाही काका, नुसतं पाकीट काउंटरवर ठेवून नाही जाता येणार. मिसेस हॉवर्थना काय सांगू मी? कोण आलं होतं म्हणून?

गुरुदत्त : आत चिठ्ठी आहे. ती वाचून दाखवा, बास. तुमची शिफ्ट चाललीय, उगाच खोळंबा नको.

उमा : माझा ब्रेक सुरू झाला आत्ताच. बसा तुम्ही. जेवून झोपल्या आहेत त्या, उठतील वीस मिनिटांत. तुम्ही राजाध्यक्ष ना? जुन्या बेसबॉलच्या फोटोंवाले?

गुरुदत्त : हो, गुरुदत्त राजाध्यक्ष. आणि पत्र तुम्ही लिहिलं होतंत. उमा बोरकुटे.

उमा : म्हणजे मिळालं होतं पत्र.

गुरुदत्त : मिळालं होतं.

उमा : मी समजून राहिले होते की पोस्टात कुठं गहाळ झालं. एप्रिलमध्ये टाकलं होतं काका. आता ऑक्टोबरचं थँक्सगिव्हिंग होऊन गेलं.

गुरुदत्त : माहीत आहे मला.

उमा : मार्चमध्ये लायब्ररीत तुमचं प्रदर्शन होतं ना, तेव्हा या वृद्धाश्रमातल्या चार रेसिडेंट्सना घेऊन गेले होते मी. तिघांना कॉफी हवी होती. ह्या एकट्या म्हणाल्या, मला फोटो बघायचेत. मी आपली व्हीलचेअर ढकलून राहिले, एकेक फोटो मागे टाकत. आणि एकदम त्यांनी चाक धरलं. हातानं. बोट सापडलं असतं एखादं.

गुरुदत्त : बिस्किट फॅक्टरीची टीम. एकोणीसशे अडतीस.

उमा : काचेवर बोट ठेवलं. डावीकडून तिसरा. म्हणाल्या, हा वॉल्टर. माझा भाऊ. मी खाली तुमची पाटी वाचली, तर तिथं दुसरंच नाव.

गुरुदत्त : लिओ ड्युरंट.

उमा : तेच. मी म्हटलं, सत्त्याऐंशी वय आहे, गल्लत होत असेल. काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना म्हणाल्या, उमा, तुझं अक्षर चांगलं आहे का?

गुरुदत्त : अक्षर चांगलं आहे तुमचं. पाठ आहे मला ते पत्र. "आमच्याकडे वॉल्टरचे दोनच फोटो होते. पन्नास साली आई गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे ते तिच्यासोबत पुरले. त्या प्रदर्शनाआधी मी चोवीस वर्षांच्या वॉल्टरला सदुसष्ट वर्षांत पाहिलं नव्हतं. एक प्रत मिळाली तर उपकार होतील."

उमा : एक प्रत, काका. ड्रगस्टोअरमध्ये दहा मिनिटांत होते.

गुरुदत्त : हो.

उमा : मग काहून नाही पाठवली?

गुरुदत्त : प्रत पाठवली असती तर पाटीही बदलावी लागली असती.

उमा : म्हणजे?

गुरुदत्त : तुम्हाला बेसबॉल कळतो?

उमा : नाही. माझे मिस्टर बघतात. मला क्रिकेटही कळत नाही.

गुरुदत्त : हा ड्युरंट नावाचा पोरगा पुढे अमेरिकेत गेला, पैसे घेऊन खेळला. इथल्या जुन्या खेळाडूंमध्ये त्याचं नाव मोठं. पण तो इथं, कॅनडातल्या आपल्या या लंडनमध्ये खेळत होता त्या काळातला फोटो कुणाकडेच नव्हता. बारा वर्षांपूर्वी एका जुन्या घराच्या सामानाच्या विक्रीत हा मला मिळाला, एका फुटक्या आरशाच्या मागे पुठ्ठा म्हणून लावलेला. मी चेहरे जुळवले, वर्तमानपत्रं काढली, संग्राहकांच्या पत्रिकेत लेख लिहिला. टोरांटोहून माणसं आली बघायला.

उमा : आणि तो ड्युरंट नव्हताच.

गुरुदत्त : ड्युरंट उजव्या हातानं खेळायचा. या मुलाचा ग्लव्ह उजव्या हातात आहे, खांद्याशी धरलेला. डावखुरा माणूस डाव्या हातानं फेकतो, म्हणून ग्लव्ह उजव्या हातात घालतो. मी लेखात लिहिलं की निगेटिव्ह उलटी छापली गेली असावी, म्हणून डावं-उजवं बदललंय.

उमा : होऊ शकते ना तसं.

गुरुदत्त : होऊ शकतं. पण मग शर्टावरची अक्षरंही उलटी दिसायला हवी होती. ती सरळ आहेत, उमाताई. मी पत्रिकेत छापताना फोटो छातीच्या वर कापून दिला.

उमा : म्हणजे तुम्हाला आधीपासूनच...

गुरुदत्त : आधीपासून शंका होती. शंका दाबून ठेवता येते. मग तुमचं पत्र आलं, आणि त्यात शेवटी एक ओळ होती. "तो डावखुरा होता, शाळेत त्यासाठी मार खायचा." त्यानंतर शंकाही उरली नाही.

उमा : त्या ओळीवर मी म्हटलं होतं, राहू द्या, त्यांना काय करायचंय. त्या म्हणाल्या, नाही, लिही.

गुरुदत्त : पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. रोज ठरवायचो, उद्या उत्तर लिहीन.

उमा : एका पाटीसाठी?

गुरुदत्त : मी सत्तर साली इथं आलो. नदीकाठच्या मैदानाजवळ खोली घेतली होती. ऑफिसात शेजारी बसणारा माणूसही जेवायला दुसऱ्या टेबलावर जायचा. मैदानावर मात्र कुणी काही विचारायचं नाही, बाकावर सरकून जागा द्यायचे. तिथूनच हे फोटोंचं वेड लागलं. तरी पस्तीस वर्षं लोक मला एकच विचारत राहिले, तू कुठला? त्या लेखानंतर पहिल्यांदा लोक मला या गावाबद्दल विचारायला लागले. कुठल्या गल्लीत कुठली टीम होती, कोण कुणाचा मुलगा. माझी बायको प्रमोदिनी होती तेव्हा. म्हणाली होती, आता तुम्ही इथले झालात.

उमा : मलाही रोज विचारतात, काका. जेवण भरवताना विचारतात. मी सांगते नागपूर, आणि पुढचा घास देते.

गुरुदत्त : मी कारण सांगितलं. ही सबब चालणार नाही, ते मलाही कळतं.

उमा : मग आज काय झालं?

गुरुदत्त : गेल्या आठवड्यात लायब्ररीत युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नावांची यादी बघत होतो, दुसऱ्याच कामासाठी. वॉल्टर मीकिन दिसला, तुमच्या पत्रातलंच पूर्ण नाव. ऑगस्ट बेचाळीस, फ्रान्सचा किनारा. यादीत शेकडो नावं होती, आणि मला त्याचा चेहरा माहीत होता. बाकी कुणाचाच नाही. घरी येऊन फ्रेम उघडली. ही प्रत नाहीये, मूळ फोटोच आणलाय. पत्रिकेलाही खरं कळवलंय, कापलेल्या शर्टासकट.

उमा : काका, एक सांगायचं राहिलं. तुम्ही चिठ्ठी वाचून दाखवा म्हणालात, तेव्हा मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

गुरुदत्त : काय?

उमा : जुलैमध्ये त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. आणि नजर गेली. उजेड कळतो, खिडकी कुठं आहे ते कळते. बाकी काही नाही.

गुरुदत्त : जुलैमध्ये.

उमा : जूनपर्यंत विचारत होत्या, पोस्ट आलं का. मग नाही विचारलं.

गुरुदत्त : मी जातो. हे तुम्ही ठेवा. तुम्हीच द्या त्यांना.

उमा : नाही. बसा. मी खूप चिडली आहे तुमच्यावर, खोटं नाही बोलत. पण तुम्ही असेच गेलात तर मी त्या कागदाचं काय करू? त्यांच्या हातात देऊ आणि म्हणू, हा वॉल्टर? मला तर यातलं काही सांगताही येत नाही. तुम्ही बारा वर्षं पाहिलाय त्याला.

गुरुदत्त : कोणत्या तोंडानं जाऊ?

उमा : ते मला नाही माहीत. बेल वाजली, उठल्या त्या. चला.

(मिसेस हॉवर्थची खोली. खिडकीशी खुर्ची. त्यांचं पुटपुटणं फक्त उमाला समजतं.)

उमा : सांगितलं मी त्यांना, तुम्ही कोण ते. जवळ बसा, डाव्या बाजूला. कानाला ठीक आहेत त्या, तुमचं इंग्रजी हळू बोला.

गुरुदत्त : मिसेस हॉवर्थ, मी तुम्हाला सहा महिने उत्तर दिलं नाही. तुमचं म्हणणं खरं होतं, आणि मला ते कळलं होतं. तो वॉल्टरच आहे. मी चुकीचं नाव लावलं आणि तसंच राहू दिलं. माझी चूक अक्षम्य आहे.

उमा : थांबा. हं... विचारतात, फोटो कुठं आहे?

गुरुदत्त : हा. तुमच्या मांडीवर ठेवतोय. तुमचं बोट धरू का? हा पहिला, दुसरा, आणि हा. डावीकडून तिसरा.

उमा : विचारतात, तो हसतोय का?

गुरुदत्त : काय सांगू, उमाताई?

उमा : दिसतंय ते सांगा.

गुरुदत्त : नाही, मिसेस हॉवर्थ. बाकीचे हसतायत, वॉल्टर नाही. ऊन समोरून येतंय. त्यानं एक डोळा जवळजवळ मिटलाय, आणि ओठ एका बाजूला ओढलेत.

उमा : म्हणतात, ऊन त्याला कधीच सोसायचं नाही.

गुरुदत्त : रडतायत का त्या?

उमा : हो. तुम्ही थांबू नका. म्हणतात, अजून सांगा.