शून्याचे पेढे

आधी पेढा घ्या, मग सांगतो. आमच्या ईराला शून्य मिळालं, त्याचे आहेत.

परवा तिला इथे जपानात मुलांच्या बेसबॉलच्या निवडचाचणीला नेलं होतं. धावणं, फेकणं, सगळं मशीनवर मोजत होते. शेवटी झेल. ग्लोव्ह डाव्या हातात आणि चेंडू सणसणत आला उजवीकडे. पोरीने उजवा हात पुढे केला आणि नुसत्या पंजात झेल घेतला! आम्ही राहतो त्या फुनाबोरीच्या नदीकाठी मी तिला क्रिकेटच शिकवलंय हो, दुसरं मला येतं काय?

परीक्षक म्हणाले, "ग्लोव्ह वापरला नाही. या झेलाला शून्य."

माझं डोकंच फिरलं. मोडक्या जपानीत विचारलं, "पण चेंडू पकडला ना तिने?"

"पकडला. पण आम्ही ग्लोव्हचं कौशल्य मोजतो."

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात ईराने माझी बाही ओढली, परीक्षकांना वाकून नमस्कार केला आणि भरभर जपानीत काहीतरी बोलली. परीक्षक कमरेतून पार खाली वाकले.

बाहेर आल्यावर विचारलं, "काय गं म्हणालीस?"

"काही नाही बाबा. म्हटलं, मी ग्लोव्हचा झेल शिकून येते, तोवर तुम्ही हाताचा शिका."