आराखड्याच्या दारावर विष्णू

आमच्या चोपडे गावच्या विष्णूचं ऐकलंत का? हरमलच्या एका हॉटेलात वॉचमनची नोकरी ठरलेली, फक्त प्रशिक्षणाचा दाखला हवा होता. खासगी सुरक्षारक्षकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत मीच त्याला घेऊन गेलो.

“प्रशिक्षण सध्या बंद आहे,” साहेब म्हणाले. “प्रशिक्षक पाच वर्षांचा आराखडा लिहितायत.”

“काय आहे त्यात?” मी विचारलं.

“प्रशिक्षण न घेतलेला एकही रक्षक गोव्यात दारावर दिसता कामा नये!”

विष्णू रडकुंडीला आला. “सायबानू, तोपर्यंत हॉटेलवालो थांबतलो काय?”

साहेबांना दया आली. “उद्या आराखड्याची बैठक आहे. आमच्याच दारावर उभा राहा.”

“दाखल्याशिवाय?” मी विचारलं.

“अरे, तपासायला येणारे सगळे आतच बसलेले असणार!”