माळकऱ्याच्या दुकानात कोंबडीची कात्री

कोंबडी कोयत्यानं तोडली की हाडांच्या बारीक कपच्या रश्शात उतरतात. त्यातली एखादी माझ्या चार वर्षांच्या बेबीच्या घशात अडकली तर? या विचारानं मला, चांगल्या बी.ए. झालेल्या बाईला, झोप येईना. शेवटी सांध्यावर नीट कापेल अशी दणकट कात्री घ्यायला मी बेबीला घेऊन तुमसरला गेले. पण दुकानदाराच्या गळ्यात तुळशीची माळ! कोंबडीचं नाव काढायची हिंमत होईना.

“जाड कापडासाठी पाहिजे,” मी म्हणाले.

त्यांनी शिंप्याची कात्री काढली.

“याहून मजबूत?”

“सतरंजी कापता का, बाई?”

“तसंच काहीतरी.”

“काका,” बेबी म्हणाली, “आईले कोंबडी कापाची हाय.”

मी मान वर केलीच नाही. त्यांनी शांतपणे पत्रा कापायची कात्री पुढ्यात ठेवली.

“मंग अगोदर सांगाचं नं. हाडाले हेच पायजे. फक्त घरी नेऊन चालवा.”

परतताना मी बेबीला म्हटलं, “आता तुझ्या तुकड्यात एकही कपची राहणार नाही.”

“माहे तुकडे त बाबाच खाते,” ती म्हणाली. “मले आलू देते.”