बाहेरची कडी

(जबलपूर, कांचघर भागातलं एक घर. वरच्या खोलीचं दार बंद. अपूर्व बाहेर, जिन्यात. त्याची मोठी बहीण चिन्मयी आत.)

चिन्मयी : बारशाचं राहू दे. आधी सांग, कडी बाहेरून काहून लावली? मी काय चोर आहे?

अपूर्व : आईनं लावली, दीदी. काल छोटी रडली तर तू अर्धा जिना उतरून आलीस.

चिन्मयी : आत्या आहे मी तिची! तिचं बारसं खाली, अन् मी इथं कोंडलेली. उघड. मास्क लावते, कानात नाव सांगते, लगेच वर येते.

अपूर्व : नाही ना. घर भरलंय. जया मावशी तर सकाळपासून खोकूनच राहिली आहे.

चिन्मयी : मग छोटीलाच वर आण.

अपूर्व : तिला पोलिओचे थेंब दिलेत. डॉक्टर बोलले, त्यात जिवंत विषाणू असतो. तिला काही नाही होत, पण तुला...

चिन्मयी : वा! आता त्या एवढ्याशा जिवाचीही भीती.

अपूर्व : सच बोल दीदी, मला अजून समजलं नाही. माझा बोनमॅरो दिला, तो लागला, आईनं पेढे वाटले. तरी तू काहून बंद?

चिन्मयी : लागला रे. पण तुझ्या पेशी तुझ्यासारख्याच, अडाणी. हाडात जन्मतात, अन् शिकतात इथं, छातीच्या हाडामागं, थायमसमध्ये. कोण आपलं, कोण परकं, ते तिथं कळतं. नागपूरला रेडिएशननं कॅन्सर जाळला, त्यात ही शाळाही ओस पडली.

अपूर्व : पण परत भरते बोलली होतीस.

चिन्मयी : भरते. भिंतींच्या पेशी चिवट, त्या उरतात. आतली पोरं गेली, वर्ग रिकामे झाले, की त्यावरूनच त्यांना कळतं, आता डागडुजीला लागायचं. उंदरांत तरी तसं दिसलंय. पण वय झालं की ही ग्रंथी सुकते. छोटीची एक्स-रेत दिसेल एवढी मोठी असेल. माझी चाळिशीची.

अपूर्व : अन् कालचा रिपोर्ट? आईला तर तू 'ठीक आहे' बोललीस.

चिन्मयी : नव्या शिकलेल्या पेशी जवळजवळ नाहीतच. अजून वर्षही लागेल म्हणे.

अपूर्व : वर्ष?

चिन्मयी : ओरडू नको, आई ऐकेल. मला नाही राहवत रे आता. ती चालायला लागेल, अन् मी याच चार भिंतींत.

अपूर्व : तर बारसं पुढे ढकलतो. मी आत्ता खाली जाऊन सांगतो सगळ्यांना.

चिन्मयी : अन् वर्षभर पोरगी बिननावाची? काही नको. तूच सांग तिच्या कानात.

अपूर्व : मी? बाप थोडीच सांगतो! लोक हसतील ना.

चिन्मयी : हसू दे. माझ्यात रक्त कुणाचं आता? गटसुद्धा तुझाच झाला. अर्धी आत्या तू झालास, भैया.

अपूर्व : क्या दीदी, तू भी ना...

चिन्मयी : कान लाव दाराला. लावला?

अपूर्व : हो.

चिन्मयी : कुर्रर्र... अवंती. ऐकू आलं?

अपूर्व : आलं. अजून एकदा सांग.

चिन्मयी : अवंती. रडतो काय, वेड्या? जा, छोटीला घेऊन तुझी दीपा वाट बघत असेल.

अपूर्व : थांब. ही कडी काढून राहिलो मी. आईला काय सांगायचं ते सांगीन. तू काही चोर नाहीस.

चिन्मयी : काढली?

अपूर्व : काढली... दीदी? हा आवाज कशाचा?

चिन्मयी : आतली लावली मी. जा आता, अवंती रडून राहिली.