वारा पडेपर्यंत

नरसिंह : मॅडम, मशीन एकदा तपासून घ्या. श्वासात चूक निघणं शक्य नाही. श्वास मी स्वतः शिकवलाय हिला.

देविका : काका, हे मशीन मी रोज चालवते. मशीन ठीक आहे. प्रॉब्लम तुमच्या शिकवण्यातच आहे.

नरसिंह : सुभेदार आहे मी. हयात गेली फायरिंग रेंजवर. माझ्या हाताखालच्या पोरांनी बक्षिसं आणलीत. श्वास रोखणं म्हणजे काय, हे आता मला कोणी सांगायचं बाकी नाही.

माधवी : अहो, हळू. दवाखाना आहे हा.

देविका : बोलू द्या त्यांना, काकू. काका, मला एक सांगा. रेंजवर श्वास कसा रोखतात?

नरसिंह : आत घ्यायचा, अर्धा सोडायचा, उरलेला धरायचा आणि घोडा दाबायचा. छाती हलता कामा नये. रोज कॉटवर झोपवून हिच्याकडून करून घेतलंय. बरगड्यांवर नाणं ठेवायचो, रिक्रूटच्या बंदुकीच्या नळीवर ठेवतो तसं. नाणं सरकलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तर ते जागचं हलत नव्हतं.

देविका : अच्छा. म्हणून काकूंच्या श्वासाची पट्टी स्क्रीनवर वर चढतच नव्हती. मला वाटलं, घाबरल्यात.

माधवी : घाबरले नव्हते. नाणं सांभाळत होते.

देविका : काका, आम्हाला उलटं पाहिजे. छाती पूर्ण भरून वर आली पाहिजे, आणि मग तिथे थांबली पाहिजे.

नरसिंह : उलटं?

देविका : हे बघा. काकूंचं ऑपरेशन डाव्या स्तनाचं. त्याच्या मागेच हार्ट. किरण डाव्या बाजूला द्यायचे, पण हार्टला लागू द्यायचे नाहीत. पूर्ण श्वास भरला की फुफ्फुसं फुगतात, छातीची भिंत पुढे येते आणि हार्ट मागे, खाली सरकतं. मधे थोडी जागा होते. त्या जागेसाठी हा सगळा खटाटोप. श्वास धरलेला असतो तेवढाच वेळ किरण सुरू. तुमच्यासारखा अर्धा सोडून दिला, की हार्ट परत भिंतीजवळ.

नरसिंह : म्हणजे मी हिचं काळीज नेमकं माऱ्यात आणून ठेवत होतो.

देविका : अजून किरण कुठे दिलेत? आज फक्त प्लॅनिंग. पोझिशन ठरवायची, स्कॅन काढायचा, त्यावरून डॉक्टर सगळं आखणार. पण ते म्हणालेत, आज अजून एक ट्राय. नाही जमलं तर साध्या श्वासावर प्लॅन करू. तशीही ट्रीटमेंट होते, खूप जणींची होते. फक्त हार्टला थोडा डोस जास्त जाईल.

नरसिंह : थोडा म्हणजे किती?

देविका : ते डॉक्टर सांगतील. टळला तर बरा, एवढं मी सांगते.

नरसिंह : माधवी, नीट ऐक. पद्धत बदलायची. मी सांगतो तसं, आधी पोट...

माधवी : तुम्ही जरा गप्प बसता का?

देविका : बोला, काकू.

माधवी : इतके दिवस मी यांच्या नाण्याखाली पडून होते. एकदाही वाटलं नाही की विचारावं, मॅडमनी सांगितलंय काय आणि आपण करतोय काय. यांनी सांगितलं म्हणजे झालं. हाताचंही यांनीच करून घेतलं ना. ऑपरेशननंतर डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. भिंतीवर बोटं चढवत चढवत यांनी तो वर नेला. मी रडायचे आणि हे म्हणायचे, अजून एक वीत. म्हणून म्हणलं, श्वासाचंही यांनाच कळत असणार.

नरसिंह : हाताचं तरी बरोबर होतं ना, मॅडम?

देविका : हाताचं एकदम परफेक्ट. पुष्कळ जणींचा एवढा वर जात नाही, मग स्कॅनच पुढे ढकलावा लागतो.

माधवी : हाताचं श्रेय यांचं. श्वास माझा आहे. मॅडम, तुम्ही म्हणता तो श्वास मला येतो. लहानपणापासून येतो. विसरून गेले होते.

देविका : कुठला श्वास?

माधवी : हाळी द्यायचा.

देविका : हाळी म्हणजे? सॉरी काकू, मी जन्मापासून इथे राजधानीतच, द्वारकेत. घरी मराठी बोलतो, पण असे शब्द नाही राहिले.

माधवी : लांबच्या माणसाला मारलेली हाक. आमचं घर डोंगराच्या या अंगाला, शेत ओढ्यापलीकडं. दुपारी आबांना जेवायला बोलवायचं काम माझं. नुसतं तोंडानं ओरडलं तर आवाज ओढ्यातच पडतो. बरगड्या ताणेपर्यंत वारा आत घ्यायचा. आणि लगेच सोडायचा नाही. समोरून वारं येत असलं तर हाक माघारी फिरते. ते पडेपर्यंत भरल्या छातीनं उभं राहायचं. पडलं, की मग द्यायची.

देविका : हेच. बिल्कुल हेच, काकू. मी रोज सगळ्यांना समजावते, पण इतकं छान मला नाही सांगता येत.

नरसिंह : हे तू मला कधी बोलली नाहीस.

माधवी : दिली होती की एकदा. नवीनच लष्कराच्या कॅन्टात राहायला आलो होतो. आपला शंभू लहान होता, खाली मैदानात खेळत होता, मी वरच्या मजल्यावरून हाळी दिली. समोरच्या बंगल्यातल्या मेमसाहेब बाहेर येऊन बघायला लागल्या. तुम्ही म्हणालात, हे गाव नाही, इथं आवाज बारीक ठेवायचा. ठेवला.

नरसिंह : ते तेव्हाचं झालं.

माधवी : मी भांडत नाहीये. श्वास कुठं ठेवला होता, ते सांगतेय.

देविका : चला, काकू. काका, तुम्ही इथे बसा. आत फक्त पेशंट.

नरसिंह : माधवी.

माधवी : काय?

नरसिंह : पिशवी दे माझ्याकडे. जा.

*

देविका : झोपा. हा बोर्ड जरा उतरता आहे. दोन्ही हात डोक्यावरून मागे, इथे टेकवा. मान उजवीकडे. थंडी वाजतेय का?

माधवी : थोडी. चालतंय.

देविका : आता मी तुम्हाला सरकवणार. मला मदत करू नका.

माधवी : बरं.

देविका : काकू, मदत करताय.

माधवी : तुम्हाला जोर पडतोय, म्हणून म्हणलं...

देविका : धान्याचं पोतं व्हा. पोतं कधी आपणहून सरकतं का?

माधवी : लग्न झाल्यापासून असं नुसतं पडून राहा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

देविका : मी रोज सांगणार. ह्या हिरव्या रेघा बघताय? भिंतीतून लेझर येतात. त्या तुमच्या अंगावर जिथे जुळतात, तिथे बारीक ठिपके टोचायचे, कायमचे. रोज ट्रीटमेंटला आलात की ठिपक्यांवर रेघा आणायच्या. म्हणजे रोज तीच जागा, केसाचाही फरक नाही.

माधवी : गोंदण म्हणा की. सासूबाईंच्या कपाळावर होतं. टोचा. पण आधी श्वास जमू दे. मग मिरवायला बरं.

देविका : ही छोटी डबी बरगड्यांच्या खाली ठेवते. कॅमेरा हिच्याकडे बघतो. डबी वर आली की तुमच्यासमोरच्या स्क्रीनवर पट्टी चढेल. ती हिरव्या चौकटीत नेऊन थांबवायची. मी बाहेर जातेय, माइकवरून बोलेन.

माधवी : जा तुम्ही. मी पोतं आहे.

देविका : काकू, आवाज येतोय?

माधवी : येतोय.

देविका : आबा कुठे आहेत?

माधवी : पलीकडच्या बांधावर. पाठमोरे.

देविका : आणि वारं?

माधवी : समोरून आहे.

देविका : मग घ्या श्वास. भरा. अजून. अजून थोडा. आता थांबा. थांबा, वारं पडलं नाहीये. थांबा, काकू. मस्त. अजून नाही. थांबा. पडलं. सोडा.

माधवी : जमलं का?

देविका : पट्टी चौकटीत गेली आणि खिळा ठोकल्यासारखी राहिली. परत एकदा करू, आणि मग स्कॅन याच श्वासावर. मागे डॉक्टर उभे आहेत. विचारतायत, या गातात का?

माधवी : काय सांगितलंत?

देविका : म्हटलं, नाही सर, या लांबच्या माणसाला बोलावतात.

*

(बाहेर बाकं रिकामी होती, पण सुभेदार नरसिंह बसले नव्हते. परेडला उभं राहावं तसे ते दारासमोर उभे होते. दारावरचा लाल दिवा विझला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की एवढा वेळ आपणही धड श्वास घेतलेला नाही.)

नरसिंह : झालं?

देविका : झालं. खोटं नाही सांगत काका, इथे तरुण मुली येतात, योगावाल्या, स्विमिंगवाल्या. पण इतकी स्थिर पट्टी मी फार कमी वेळा पाहिलीय. हार्टच्या पुढे छान जागा मिळाली. प्लॅन आता याच श्वासावर. तुमच्या रेंजवर सगळ्यात चांगल्याला काय म्हणतात?

नरसिंह : मार्क्समन. त्याला बाहीवर बिल्ला मिळतो.

देविका : बिल्ला आम्ही पण दिलाय. ठिपके टोचलेत.

माधवी : तिळाएवढेही नाहीत हो. शोधावे लागतील.

नरसिंह : शोधीन. मॅडम, घरी काय प्रॅक्टिस घ्यायची?

देविका : तुम्ही काही घेऊ नका. काकूंना माहीत आहे. प्लॅन तयार झाला की फोन करते.

माधवी : तुमचा चेहरा असा का झालाय?

नरसिंह : कसा?

माधवी : शंभूच्या पासिंग आउट परेडला झाला होता तसा.

नरसिंह : श्वासाच्या बाबतीत आजवर कोणापुढं हार मानली नाही. आज बायकोनं हरवलं, आणि छाती माझीच फुगलीय. अभिमान वाटतोय तुझा. सांगून टाकलं.

माधवी : ऐकलं. आता तशीच धरून ठेवा.

नरसिंह : चल. मी पुढं होऊन गाडीपाशी जातो, तू या तळघरातून लिफ्टनं सावकाश वर ये. गेटवर गाडी उभी करू देत नाहीत, म्हणून पार पुलाखाली लावलीय. तू गेटला आलीस की मी तिथून निघतो.

माधवी : बरं. आले की फोन करते.

नरसिंह : फोन नको. हाळी दे.

माधवी : इथं? भर रस्त्यात? लोक बघतील.

नरसिंह : बघू देत. वरून विमान जात असलं तर तेवढं जाऊ दे, मग दे.