नुरुंजीला कंठ फुटला

बुसानमधल्या जनावरांच्या दवाखान्यात एकाच गल्लीतल्या दोघींचं बोलणं चाललं होतं. एकीच्या मांडीवर मांजर, दुसरीच्या पायाशी थरथरणारं कुत्र्याचं पिल्लू.

"पिल्लाचं नाव काय हो ताई?"

"नुरुंजी, म्हणजे भाताची खरपुडी. तसाच रंग ना! आधीच्या मालकानं झाडूनं बडवलाय गं. म्हणून आमचे हे रांगत फरशी पुसतात. झाडू घरातच नको म्हणाले."

"तुमचे हेडमास्तर? रांगत?"

"त्याची भीती जावी म्हणून त्याच्याकडे पाठ करून बसतात, आवाजाची सवय व्हावी म्हणून पेपर मोठ्यानं वाचतात. परवा हा पहिल्यांदा भुंकला!"

"अगंबाई! वरच्या मजल्यावरची आली असेल भांडायला."

"आली ना संध्याकाळी. ह्यांनी कमरेत वाकून तिच्या हातात तांदळाच्या वड्या ठेवल्या. नातू झाल्यासारख्या अख्ख्या इमारतीत वाटत होते. म्हणाले, 'आमच्याकडे कंठ फुटलाय.'"

"मग?"

"वडी तोंडात टाकली नि म्हणाली, 'एवढासाच आवाज काय? जोरात भुंक म्हणावं.'"