कुसाबाईंची तुळस

नाशकातल्या दवाखान्याच्या बाकावर अब्बास सुजलेला अंगठा सांभाळत बसला होता. शेजारी घोटीच्या कुसाबाई. त्यांच्या हातावरची गाठ आज काढायची होती, आणि ती नेमकी गोंदलेल्या तुळशीखाली होती. कंपाउंडर समजावायला आला.

"मावशी, सुई टोचून हात बधिर करतील. काही कळणार नाही."

"अन् तुळस?"

"मधोमध कापावी लागेल."

"आयनं मांडीवर घिऊन गोंदवलीय. वर जाताना येवढंच संगं येतं. बाजूनं काप म्हणावं."

"बाजूला मोठी शीर आहे, मावशी."

"मग काप. पर शिवताना पानाला पान अन् खोडाला खोड जुळाया पायजे."

"सांगतो. तुम्ही फक्त मान पलीकडे वळवा. बघायचं नसतं."

"का रं? गोंदताना कुनी बधिर केलं नव्हतं, तवाबी मी बघतच व्हते."

"डॉक्टरसाहेब चिडतील."

"चिडू दे. हात झोपंल, मी जागी हाय ना? वाकडं शिवलं तर तिथंच उसवून परत शिवाया लावीन."

कंपाउंडर निरोप घेऊन आत गेला. जरा वेळाने डॉक्टरांचा आवाज अब्बासला बाहेरपर्यंत ऐकू आला.

"आधी माझा चष्मा शोधा."